पेशी लागल्या, तरी काउंट कमी का?

मागच्या वेळी आपण रक्ताच्या कॅन्सरवर बोललो, त्यानंतर गटांकडून बरेच प्रश्न आले. त्यातला एक तीन-चार गावांतून जवळजवळ त्याच शब्दांत आला. घरातल्या कुणाचं तरी पुण्यात ट्रान्सप्लांट झालं, डॉक्टर म्हणाले ‘पेशी लागल्या’, पेशंट घरी आलं, पण दर आठवड्याच्या रिपोर्टात आकडे कमीच. मग ट्रान्सप्लांट फसलं का? की आजार उलटला?

बहुतेक वेळा दोन्ही नाही. नवा मगज पूर्ण कामाला लागायला कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने घेतो. पण याच काळात रात्रीचा एक ताप अंगावर काढला तर माणूस हातचं जाऊ शकतं. आकड्याला घाबरून रडत बसणारी घरं आम्ही पाहिली आहेत आणि तापाला क्रोसिन देऊन सकाळची वाट बघणारीही. दुसरी चूक फार महागात पडते.

आधी मगज म्हणजे काय ते बघू. मटणाच्या नळीत जो मऊ गर असतो, तसाच आपल्या मोठ्या हाडांत असतो. डॉक्टर त्याला अस्थिमज्जा किंवा बोन मॅरो म्हणतात. आपलं सगळं रक्त तिथे तयार होतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, अंगाला ताकद देणाऱ्या तांबड्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट, या तिघींची आई एकच, मूळपेशी. तिलाच स्टेम सेल म्हणतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये बिघाड बहुधा या कारखान्यातच होतो.

मावळ-मुळशीकडच्या बायकांना राब भाजणं सांगायला नको. पेरणीआधी शेणी, पालापाचोळा पसरून जमीन भाजून घ्यायची, म्हणजे तणाचं बी मरतं. ट्रान्सप्लांटच्या आधीचे काही दिवस जोरदार केमोथेरपी देतात, ती अशीच. तिच्यात कॅन्सरच्या पेशी मरतात आणि पेशंटचा स्वतःचा मगजही जळतो. मग नव्या मूळपेशी देतात. इथे पुष्कळ जणींचा गैरसमज असतो की मोठं ऑपरेशन होतं, हाड उघडतात. तसं काही नसतं. रक्ताची पिशवी लावतात तशीच ही पिशवी शिरेतून लावतात. पेशी आपल्या आपण हाडापर्यंत पोचतात आणि तिथे घर करतात. आपल्याकडे हे नवीनही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी २० मार्च १९८३ रोजी नऊ वर्षांच्या एका मुलीला तिच्या भावाचा मगज दिला, ते भारतातलं पहिलं यशस्वी ट्रान्सप्लांट मानतात. आता पुण्यातच दीनानाथ मंगेशकर, रूबी हॉल, सह्याद्री अशा रुग्णालयांत ते होतं.

एक फरक लक्षात ठेवा. मायलोमासारख्या आजारात बहुधा पेशंटच्याच पेशी आधी काढून, गोठवून ठेवतात आणि नंतर परत देतात. ल्युकेमियात बऱ्याचदा दुसऱ्याच्या लागतात. सख्ख्या बहीण-भावाशी पूर्ण जुळण्याची शक्यता दर भावंडामागे चारात एक असते. नाही जुळलं तर आई-वडील किंवा मुलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशींवरही आता काम होतं. स्वतःच्या पेशी असतील तर काउंट लवकर वर येतात. दुसऱ्याच्या असतील तर वेळ लागतो आणि पुढे जपावंही जास्त लागतं.

आता आकड्यांकडे वळू. आधी काय पडतं आणि नंतर काय, हे त्या पेशीच्या आयुष्यावर ठरतं. जंतूंशी लढणारी मुख्य पांढरी पेशी, न्यूट्रोफिल, रक्तात जेमतेम काही तास ते एखादा दिवस जगते. प्लेटलेट आठ-दहा दिवस, तांबडी पेशी चार महिने. कारखाना बंद पडला की आधी पांढऱ्या पेशी संपतात, मग प्लेटलेट, आणि हिमोग्लोबिन हळूहळू उतरतं. परत येतानाही पहिल्यांदा बहुतेक पांढऱ्याच दिसतात. पिशवी दिल्यापासून साधारण दोन ते चार आठवड्यांत न्यूट्रोफिल सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की डॉक्टर म्हणतात, पेशी लागल्या. आवणीची रोपं चार दिवस पिवळी पडतात, मग एक दिवस नवा कोंब दिसतो. कोंब दिसला म्हणजे रोपाने जीव धरला, पण भात काही लगेच पोटरीला येत नाही. ‘पेशी लागल्या’ या शब्दांचा अर्थ एवढाच.

हा न्यूट्रोफिलचा आकडा घरच्या घरी काढता येतो, गटाच्या व्याजापेक्षा हिशेब सोपा आहे. रिपोर्टात एकूण पांढऱ्या पेशी लिहिलेल्या असतात आणि न्यूट्रोफिल किती टक्के तेही असतं. पेशी १८०० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के, तर १८०० चे ४० टक्के, म्हणजे ७२०. दीड हजाराच्या वर असेल तर बरं. हजाराच्या खाली सांभाळायचं. ५०० च्या खाली धोका मोठा. एकूण पेशींचा आकडा बघून खूश होऊ नका आणि खचूही नका, हा हिशेब करा. शाळा शिकलेली सून किंवा लेक घरात असेल तर एका वहीत तारखेवार लिहीत जा. एका रिपोर्टापेक्षा ओळीने पाच-सहा रिपोर्ट जास्त सांगतात. आठवड्याला शंभर-दोनशेने खाली-वर होणं चालतंच.

आता तापाचं. आपल्याला लागण झाली की लाली येते, सूज येते, पू होतो, तो पांढऱ्या पेशींच्या लढाईचा पुरावा असतो. लढणारंच कुणी नसेल तर यातलं काहीच दिसत नाही. ताप हीच एक खूण उरते, आणि कधी तीही उशिरा येते. म्हणून घरात थर्मामीटर हवाच. कपाळाला हात लावून अंदाज नको. १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त दिसलं, किंवा ताप नसतानाही थंडी वाजून अंग कापायला लागलं, की ताबडतोब ट्रान्सप्लांट विभागाला फोन करायचा. दुपार असो की रात्रीचे दोन. अशा पेशंटला शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं असा डॉक्टरांचा प्रयत्न असतो. वेल्ह्याहून किंवा जुन्नरच्या टोकाहून पुण्याला पोचायलाच दोन-तीन तास जातात. तेव्हा जवळ कुठे पहिला डोस घेता येईल हे डिस्चार्जच्या दिवशीच विचारून कागदावर लिहून घ्या. १०८ ची रुग्णवाहिका फुकट असते. आणि ताप मोजायच्या आधी, डॉक्टरांना विचारायच्या आधी, तापाची गोळी देऊ नका. गोळीने ताप झाकला जातो, जंतू वाढत राहतात.

गावातल्या डॉक्टरांकडे गेलात तर पहिलं वाक्य हेच बोला: ‘हिचं ट्रान्सप्लांट झालंय, पेशी कमी आहेत.’ कमरेत किंवा दंडात सुई टोचून घेऊ नका. प्लेटलेट कमी असताना आत रक्त साकळतं. ॲस्पिरिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम असल्या दुखण्याच्या गोळ्या नकोत, त्या प्लेटलेटचं काम बिघडवतात. एनिमा नको, गुदद्वारातून घालायची गोळी नको.

प्लेटलेट आपल्याला डेंगीमुळे ओळखीच्या झाल्या आहेत. साधारण दीड ते साडेचार लाख असतात. ट्रान्सप्लांटनंतर त्या वीस-तीस हजारांवर महिनोन्‌महिने रेंगाळू शकतात, आणि माणूस घरात चालतं-फिरतं असतं. रक्तस्राव किंवा ताप नसेल तर साधारणपणे १०,००० च्या खाली गेल्यावर डॉक्टर पिशवी लावतात. डेंगीच्या सवयीने ‘वीस हजार झाल्या, चढवा की!’ म्हणून भांडणारे नातेवाईक असतात. उगाच लावलेल्या पिशव्यांमुळे शरीर परक्या प्लेटलेट ओळखून मारायला शिकतं, मग खरोखर गरज पडते तेव्हा लावलेली पिशवी टिकत नाही. हे डॉक्टरांवर सोडा. तुमचं काम खुणा बघण्याचं. अंगावर टाचणीएवढे लाल ठिपके, हिरड्यांतून किंवा नाकातून थांबत नाही असं रक्त, काळी डांबरासारखी शी, लघवीला लाल, अचानक जोराची डोकेदुखी किंवा गुंगी. यातलं काहीही दिसलं तर निघायचं.

पाळीबद्दल आम्ही मुद्दाम बोलतो, कारण राउंडला पुरुष डॉक्टर असले की बायका गप्प बसतात. प्लेटलेट कमी असताना पाळी आली तर रक्त थांबत नाही. म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या किंवा थांबवण्याच्या गोळ्या डॉक्टर आधीपासून देतात. त्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. घरात पूजा झाली, लग्न झालं, आता गोळी बंद, असला हिशेब इथे लागू नाही. डाग जरी दिसला तरी नर्सताईंना सांगा. जोरदार केमोनंतर पुष्कळ जणींची पाळी कायमची जाते, अंगातून वाफा येतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि त्यावर उपाय असतात.

मिश्री आजपासून बंद. हिरड्या चोळल्या जातात, तंबाखू तोंडात जाते, आणि केमोनंतर तोंड आधीच सोललेलं असतं. मऊ ब्रश वापरा, तोही टोचला तर डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या गुळण्या करा. विळीवर भाजी चिरणं, अनवाणी अंगणात जाणं, काचेच्या बांगड्या हे सगळं काही महिने बाजूला. बांगड्या काढल्या म्हणून सासूबाईंना वाईट वाटेल. त्यांना आमचा हा लेख वाचून दाखवा.

पिशव्यांबद्दल एक गोष्ट फार थोड्या घरांना माहीत असते. आपल्याकडे भाऊ, दीर, मुलगा पुढे येतात, ‘माझंच रक्त द्या’ म्हणतात. भावना खरी आहे. पण सख्ख्या नात्यातलं रक्त या पेशंटला शक्यतो देत नाहीत. ट्रान्सप्लांटच्या आधी दिलं तर शरीर त्या घराण्याच्या पेशींना ओळखून बसतं आणि पुढे त्याच घरातल्या मूळपेशी नाकारू शकतं. नंतरही रक्तातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या अंगात घर करून त्यालाच मारू शकतात. हे टाळायला पिशवीवर रक्तपेढीत किरणांची प्रक्रिया करतात. असं इरॅडिएटेड रक्तच ट्रान्सप्लांटच्या पेशंटला द्यायचं असतं. तालुक्याच्या रक्त साठवण केंद्रात ही सोय नसते. म्हणून हिमोग्लोबिन सात झालं तर आधी पुण्याच्या विभागाला फोन करा, त्यांना न विचारता जवळ कुठेही रक्त लावून घेऊ नका. भावाने रक्त जरूर द्यावं, ते दुसऱ्या कुणाला लागेल. आणि आपल्या पेशंटसाठी बाहेरची माणसं शोधावीत.

इथे गटाची खरी मदत होते. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही, माणसांची यादी मात्र तयार ठेवता येते. मशीनवर एकाच दात्याकडून प्लेटलेट घेतात तेव्हा दीडेक तास जातो. दात्याचं वजन ५० किलोच्या वर हवं, मागच्या तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेलं नको, आणि बाकीचं रक्त त्याला परत मिळतं. गावातले चार-पाच जण नोकरीला हडपसर, चाकण, पिंपरीत असतातच. त्यांचे फोन आधी लिहून ठेवा. पैशाच्या बाबतीत एवढंच सांगतो की महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. रुग्णालयातल्या समाजसेवकांना भरती व्हायच्या आधीच गाठा, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन.

हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी सुधारतं, आणि त्यात एक गंमत आहे. देणाऱ्याचा रक्तगट वेगळा असेल तर काही महिन्यांत पेशंटचा रक्तगट बदलतो. बी पॉझिटिव्ह बाई ओ पॉझिटिव्ह होते. मधल्या काळात जुने आणि नवे जुळवून घेत असतात, म्हणून तांबड्या पेशी जास्तच उशीर लावतात. जुनं रक्तगटाचं कार्ड पाकिटातून काढून टाका. त्याजागी विभागाने दिलेला कागद ठेवा: ट्रान्सप्लांटची तारीख, पेशंटचा आणि देणाऱ्याचा गट, ‘इरॅडिएटेड रक्तच’ ही सूचना आणि फोन नंबर.

आता अवघड प्रश्न. काउंट एकदा चांगले वर आले आणि मग पुन्हा उतरले तर?

सगळ्यात आधी औषधांकडे बघतात. न्युमोनिया टाळायला दिलेली सल्फाची गोळी, विषाणूवरची व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर, या दोन्ही काउंट खाली आणतात. मग कुणीतरी म्हणतं, गोळीनेच पेशी कमी होतात तर बंद करू. असं करू नका. बंद करायची की बदलायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, कारण ती गोळी ज्याला अडवून बसलीय तो आजार जास्त वाईट आहे. दुसरं कारण विषाणू. सीएमव्ही नावाचा विषाणू लहानपणापासून बहुतेकांच्या अंगात झोपलेला असतो, ताकद कमी झाली की जागा होतो आणि मगज दाबतो. म्हणूनच ठरावीक दिवसांनी त्याची रक्ततपासणी सांगतात. पेशंट चांगलं दिसतं म्हणून ती फेरी टाळू नका. तिसरं, देणाऱ्याच्या पेशी पेशंटच्याच शरीराला परकं समजतात. त्याला जीव्हीएचडी म्हणतात. तळहातावर, अंगावर पुरळ, पाण्यासारखे जुलाब, डोळे पिवळे. त्यातही काउंट उतरतात.

कधी नवा मगज जागेवर असतो पण कमजोर असतो. देणाऱ्याच्या पेशी किती टक्के आहेत याची तपासणी करून हे कळतं. तेव्हा पेशी वाढवणारी इंजेक्शनं देतात, किंवा त्याच दात्याकडून मूळपेशींची आणखी एक पिशवी घेतात. दात्या बहिणीला एकदा आभार मानून विसरून जाऊ नका, ती पुन्हा लागू शकते. आणि हो, कधी नव्या पेशी मुळातच तग धरत नाहीत, कधी आजार परत आलेला असतो. हे लपवून उपयोग नाही. पण ते मगजाची तपासणी करून डॉक्टर सांगतील. एका सीबीसीवरून शेजारणीने सांगायची ही गोष्ट नाही.

पेशी वाढवायच्या इंजेक्शनाने कंबर, मांड्या ठणकतात. हाडात काम सुरू झाल्याचं ते दुखणं असतं. इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही.

रक्त वाढावं म्हणून घराघरांत बीट, खजूर, गूळ, टॉनिक सुरू होतं. खजूर धुऊन खाल्ला तर बिघडत नाही, पण लोहाची गोळी किंवा टॉनिक विचारल्याशिवाय नको. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. दहा-वीस पिशव्या लागलेल्या बाईच्या यकृतात लोह आधीच साठलेलं असतं. पपईच्या पानांचा रसही नको. डेंगीत त्याचा उपयोग होतो की नाही हा वाद वेगळा. इथे कच्च्या पानांतून जंतू पोटात जातात, आणि बंद कारखाना पानाने सुरू होत नाही. खायला ताजं, गरम, घरात शिजवलेलं. वरण-भात, मऊ भाकरी, शिजवलेली भाजी, पूर्ण उकडलेलं अंडं. कोशिंबीर, कच्ची चटणी, गुऱ्हाळाचा रस, बाहेरचा बर्फ टाळा. पाणी उकळून, मग पुण्यात खोली घेऊन राहत असलात तरी. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा पाण्यावरच संशय आला होता. शहरातलं नळाचं पाणी आहे म्हणून गाफील राहू नका.

पहिले शंभर दिवस रुग्णालयाजवळ राहायला सांगतात, विशेषतः दुसऱ्याच्या पेशी असतील तर. खोली बघताना शेजारी इमारत पाडण्याचं किंवा खोदाईचं काम नाही ना, गॅलरीत कबुतरांची विष्ठा नाही ना, हे भाड्याच्याही आधी बघा. धुळीतून आणि विष्ठेतून बुरशी छातीत जाते, आणि तिच्यावरचं औषध फार महाग असतं. गावी परतल्यावर हीच गोष्ट कडब्याची, गोठ्याची, मळणीची, शेणाने सारवण्याची आणि तुळशीच्या कुंडीतल्या मातीची. भेटायला येणाऱ्यांनी दारातून बोलावं. सर्दी-खोकला असलेल्याने फोनवर.

शेतात कधी जाऊ, हे प्रत्येकीचं पहिलं विचारणं असतं. न्यूट्रोफिल चांगले झाले तरी शरीराची जुनी आठवण पुसलेली असते, ती भरायला वर्ष किंवा जास्त लागतं. लहानपणी घेतलेल्या लसींचाही असर जातो. साधारण सहा महिने ते वर्षाने त्या पुन्हा सुरू करतात. गोवरासारखी जिवंत विषाणूची लस निदान दोन वर्षं देत नाहीत. शेत, गोठा, बाजार हे डॉक्टर टप्प्याटप्प्याने मोकळं करतात, त्यांना विचारूनच पाऊल टाका. घरात तान्हं बाळ असेल तर त्याचे पोलिओचे डोस अजिबात चुकवू नका. फक्त डोस दिल्यानंतरचे पाच-सहा आठवडे बाळाची शी-शू आणि लंगोट आजीने किंवा आत्याने बघावं, आणि साबणाने हात धुऊनच पेशंटच्या खोलीत यावं.